ढीग आणि पथारी

पहाटे ५.१०

जानेवारीत नंदुरबारला गजर लावावा लागत नाही. वारा पथाऱ्यांच्या बाजूनं वळला की मिरचीचा खाट खिडकीतून आत येतो आणि दोन शिंकांत माणूस जागं होतं. बाहेरगावचे पाहुणे याला त्रास म्हणतात. आम्हाला मात्र वास आला नाही की काळजी वाटते, बाजारात माल कमी आला की काय.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, बारावी सायन्सला. प्रॅक्टिकलच्या परीक्षा तोंडावर आहेत आणि पुस्तकातला पंधरावा धडा, अणू आणि केंद्रकांची रचना, आज संपवायचा आहे. त्या धड्याच्या शेवटी संमीलन येतं. दोन हलकी केंद्रकं एकत्र येतात, त्यांचं एक जड केंद्रक होतं आणि ऊर्जा सुटते. पुस्तकानं त्याला जेमतेम जागा दिली आहे. मला मात्र दरवर्षी तिथेच अडखळायला होतं. सूर्य कसा जळतो हे सांगता येतं. तेच काम पृथ्वीवर का जमत नाही, हे सांगताना माझं बोलणं अर्धवट राहतं, आणि पोरांना ते कळतं.

सकाळी ६.४५

कॉलेजला जायच्या वाटेवर पथारी लागते. पावणेसातचा उजेड, धुकं विरत आलेलं आणि जमिनीवर लांबच लांब लाल अंथरूण. बायका डोक्याला घट्ट फडकी बांधून, वाकून, हातांनी आणि फावड्यांनी ओली मिरची पसरत होत्या. नोव्हेंबरपासून होळीच्या आसपासपर्यंत हे असंच चालतं. बाजार समितीत ओली लाल मिरची विकली जाते, व्यापारी ती इथे आणून टाकतात, ऊन आणि वारा तिला सुकवतात. मध्येच अवकाळी पाऊस आला तर सगळ्यांची तोंडं काळी पडतात.

आज कडेला एक मोठा ढीग तसाच होता. रात्री उशिरा टेम्पोनं आलेला, अजून न पसरलेला. मी स्कूटर थांबवली. पथारीचा मुकादम ओळखीचा आहे, त्याचा पुतण्या माझ्याकडे शिकून गेला. मी सहज विचारलं, एवढी घाई कशाला, ऊन तरी येऊ द्या. तो हसला.

“ढिगना पोटमा हात घाला मॅडम, गरम लागस.”

घातला. वरची मिरची बोटांना गार लागत होती, दवानं ओली. कोपरापर्यंत हात गेला तशी ऊब लागली. बाहेर तोंडातून वाफ निघते आहे आणि ढिगाच्या पोटात मात्र कोमट! तोडलेलं फळ काही वेळ श्वास घेतच असतं, त्यातून थोडी थोडी उष्णता निघते. एका मिरचीची उष्णता म्हणजे काहीच नाही. पण ढिगाच्या मधल्या मिरचीला ती टाकायला जागा नसते, चारी बाजूंना तिच्यासारख्याच मिरच्या.

“रातभर ढीग ऱ्हायना का माल सडी जास,” मुकादम म्हणाला आणि बायकांना हाक मारायला वळला.

मी हात झटकला. तो डोळ्यांना लावायचा नाही हे नंदुरबारच्या माणसाला सांगावं लागत नाही, तरी मी लावलाच. कॉलेजात पोचले ती रडत रडत.

सकाळी ७.३०

वर्गात सत्तर पोरं, पाठीमागच्या दोन बाकांवर स्वेटरच्या बाह्यांत हात घालून झोपलेली चार. पुस्तक इंग्रजीत, बोलणं मराठीत, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या पोरांसाठी मराठीही दुसरी भाषा. त्यामुळे मी वस्तू दाखवल्याशिवाय शिकवत नाही. आज दाखवायला लाल झालेले डोळे होते.

सरळ विचारलं, “उकिरडा जास्त तापतो की सूर्य?”

चौघांपैकी दोघं जागे झाले.

गंमत अशी आहे की हा प्रश्न दिसतो तितका वेडगळ नाही. सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश आहे, पण तिथल्या एका घनमीटरमधून निघणारी ऊर्जा पावणेतीनशे वॅटच्या घरात येते. घरातल्या तीन-चार पंख्यांना पुरेल एवढीच. चांगल्या कुजणाऱ्या उकिरड्याचा हिशोब याच्याच आसपास जातो. सूर्यातल्या प्रोटॉनला दुसऱ्या प्रोटॉनशी जुळायला सरासरी अब्जावधी वर्षं वाट बघावी लागते, इतकं ते काम मंद आहे. तरीही सूर्य सूर्य आहे, कारण तो फार मोठा ढीग आहे. मध्ये झालेली ऊर्जा पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षं घेते. ढीग मोठा असला की मधल्या मालाची उष्णता मधेच राहते.

फळ्यावर एक गोळा काढला, शेजारी एक आडवी रेघ. ढीग आणि पथारी. आकार दुप्पट केला तर पोट आठपट होतं आणि कातडी चौपट. ऊब पोटात तयार होते, निसटते कातडीतून. हे पोरांना लगेच पटलं, कारण अर्ध्यांच्या घरचं कुणी ना कुणी पथारीवर काम करतं.

मग पृथ्वीवर काय करायचं? आपल्याजवळ सूर्याएवढा ढीग नाही आणि अब्जावधी वर्षंही नाहीत. म्हणून इंधन बदललं जातं. साध्या हायड्रोजनऐवजी त्याची दोन जड भावंडं घेतात, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. ती जुळली की हेलियम आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो, १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. त्यातली १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो, हेलियमच्या वाट्याला येते साडेतीन. केंद्रकं धनभारित, एकमेकांना ढकलणारी. त्यांनी जवळ यावं तर वेग हवा, आणि वेग म्हणजेच तापमान. किती? दहा ते पंधरा कोटी अंश. सूर्याच्या गाभ्याच्या दसपट. त्या तापमानाला अणू अणू राहत नाही, इलेक्ट्रॉन वेगळे, केंद्रकं वेगळी. त्या सुट्या भारांच्या घोळक्याला प्लाझ्मा म्हणायचं.

इथे तिसऱ्या बाकावरून तो प्रश्न येतो. दरवर्षी येतो, फक्त पोरगा बदलतो. “मॅडम, भांडं वितळणार नाही का?”

पूर्वी मी “म्हणून चुंबक वापरतात” असं म्हणून पुढे जायचे. ते उत्तर खोटं नाही, पण लंगडं आहे. फ्रान्समध्ये उभं राहत असलेल्या इटर या यंत्राच्या पोटात ८४० घनमीटर जागा आहे, आणि तेवढ्या जागेतल्या सगळ्या इंधनाचं वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असेल. हवेपेक्षा लाखो पट विरळ. तो प्लाझ्मा भिंतीला लागला तर भिंतीला चटका बसेल, कधी जबर बसेल. पण त्याआधी प्लाझ्मा विझेल. चिमूटभर निखारे गार फरशीवर सांडल्यासारखं. काळजी भांड्याची आहेच, पण आधी निखाऱ्यांची.

खिडकीशी बसणारी, सहसा न बोलणारी एक मुलगी म्हणाली, “म्हणजे मॅडम, ढीग छोटा आहे. मग झाकायचा कशानं?”

घंटा झाली. मला बरं वाटलं, कारण उत्तर प्रयोगशाळेत होतं.

सकाळी ९.४०

आमच्याकडे एक जुना ऑसिलोस्कोप आहे, काचेच्या नळीचा. मागून इलेक्ट्रॉनांची धार सुटते आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटतो. पहिल्या तुकडीचं प्रॅक्टिकल आटोपल्यावर मी पट्टीचुंबक त्या मुलीच्या हातात दिला. “बाजूनं जवळ ने.”

ठिपका सरकला. पण चुंबकाकडे आला नाही आणि लांबही गेला नाही, वर सरकला. चुंबक उलटा केला, खाली. पोरं नेहमी इथे फसतात. चुंबक म्हणजे ओढणारा किंवा ढकलणारा, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. धावत्या भाराला तो तसं काहीच करत नाही. तो त्याला फक्त वळवतो, नेहमी वेगाच्या आडव्या दिशेनं. आणि आडवा रेटा वेग वाढवत नाही, घटवत नाही. म्हणजे स्थिर चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला तापवत नाही, थंडही करत नाही. हे वाक्य मी वहीत लिहून घ्यायला लावलं, कारण “चुंबकानं प्लाझ्मा तापतो” असं मी उत्तरपत्रिकेत चाळीस वेळा तरी वाचलं असेल.

सतत आडवं वळत राहिलं की वर्तुळ होतं. क्षेत्राच्या दिशेनं मात्र कुणी अडवत नाही. दोन्ही मिळून मळसूत्र. गावाकडे दोन खुंट्यांमध्ये तार ताणतात, तारेत कडी अडकवतात आणि कडीला शेळीचं दावं. शेळी तारेला धरून पाहिजे तितकी पुढे-मागे जाईल, बाजूला मात्र दाव्याइतकीच. चुंबकीय क्षेत्ररेषा ही ती तार. दाव्याची लांबी काढायला लावली. पाच टेस्लाचं क्षेत्र, दहा कोटी अंशांचा ड्युटेरियमचा आयन, सेकंदाला हजारेक किलोमीटर वेग. मोकळा सोडला तर नंदुरबारहून मुंबई अर्ध्या सेकंदात. दावं किती निघालं? चार मिलिमीटर. इलेक्ट्रॉनचं तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी. पृथ्वीचं क्षेत्र, जे होकायंत्राची सुई फिरवतं, त्याच्या लाखपट जोर लावला तेव्हा कुठे हे मिळतं.

हेच झाकण. क्षेत्र ऊब तयार करत नाही, निसटणारी ऊब अडवतं. बाहेर जायला आयनाला आता एकच मार्ग उरला: कुणावर तरी आपटायचं, एका तारेवरून शेजारच्या तारेवर चार मिलिमीटर सरकायचं आणि असं करत करत भिंत गाठायची. निदान कागदावर तरी. कागदाबाहेरचं मी संध्याकाळी सांगते.

“पण तारेच्या टोकाला?” मुलीनं विचारलं.

टोकाला शेळी मोकळी. सुरुवातीच्या यंत्रांचं तेच दुखणं होतं. मग टोकंच ठेवायची नाहीत, तार वाकवून तिची बांगडी करायची.

सकाळी ११.२०

स्टाफरूम. चहा, त्यात आलं जास्त. रसायनशास्त्राचे सर निवृत्तीला आले आहेत आणि संमीलनाचा विषय निघाला की त्यांना चेव येतो. “मॅडम, तुमची ती वीज वीस वर्षांनी येणार ना? मी बारावीला होतो तेव्हाही वीसच वर्षं होती.”

टोमणा रास्त आहे. त्याचा मूळ पुरुष आपलाच, होमी भाभा. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावरची पहिली मोठी परिषद झाली, भाभा अध्यक्ष. येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यात आणायची रीत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथे केलं. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटिशांनी झेटा या यंत्रात ते जमलं असं जाहीर केलं आणि काही महिन्यांत शब्द मागे घेतला. दोन दशकं १९७५ ला संपली. मला भाभांचा राग येत नाही. पेटवायचं कसं हे त्यांना नीट ठाऊक होतं. धरून ठेवायला किती कठीण जाईल, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

सरांना मी एवढंच म्हटलं की इटरवर संशोधन सुरू व्हायचं नवं वर्ष २०३४ सांगतात. ते म्हणाले, “म्हणजे पेन्शनीत.” दुसरा चहा त्यांच्याकडून.

दुपारी १२.४५

प्रयोगशाळेच्या लोखंडी स्टँडचा पाय निखळलाय, तो घेऊन वेल्डिंगवाल्याकडे. हा माणूस आठवी शिकलेला, पण प्लाझ्माशी रोज आठ तास त्याचीच गाठ असते. रॉड आणि लोखंड यांच्यामधला तो निळा-पांढरा आर्क म्हणजे प्लाझ्माच, पाच-सहा हजार अंशांच्या वरचा. सूर्याच्या पृष्ठभागाइतका, आणि तो पत्र्याच्या शेडमध्ये, हातभर अंतरावर.

कोपऱ्याचा सांधा भरताना तो वैतागला. “बघा, पळतो हा. कोपऱ्यात आला की पळतो.”

मी काळी काच मागितली आणि पाहिलं. खरंच, आर्क सरळ खाली उतरण्याऐवजी ज्योतीसारखा एका अंगाला लवत होता, ठिणग्या तिकडेच उडत होत्या. त्यानं अर्थिंगची क्लॅम्प काढली, स्टँडच्या दुसऱ्या टोकाला लावली. आर्क सरळ झाला.

“जुनी ट्रान्सफॉर्मरची पेटी होती तेव्हा नव्हतं असं. हे इन्व्हर्टर घेतलं तेव्हापासून.”

हे कुणी पुस्तकात शिकवलं असतं तर मी मान डोलावून विसरून गेले असते. जुनी पेटी एसी. दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, लोखंडात क्षेत्राला दाटायला सवड मिळत नाही. इन्व्हर्टर डीसी देतो. लोखंडातून एकाच दिशेनं दीडेकशे अँपिअर वाहतात, त्यांचं क्षेत्र कोपऱ्यात दाटतं आणि आर्कला बाजूला रेटतं. अर्थिंगची जागा बदलली की प्रवाहाची वाट बदलते, क्षेत्र बदलतं, आर्क जागेवर येतो. क्षेत्र घडवून प्लाझ्माला पाहिजे तिथे बसवायचं, हे मोठ्या यंत्रांतले लोक करतात तेच काम हा क्लॅम्पनं करत होता. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, “साठ रुपये द्या.”

दुपारी २.३०

जादा तास. जेवणानंतर भौतिकशास्त्र ऐकणं ही शिक्षाच, म्हणून बांगड्या. माझ्या हातातली साधी सोन्याची बांगडी काढून टेबलावर ठेवली.

तारेचं वेटोळं वाकवून बांगडी केली की आतलं क्षेत्र सगळीकडे सारखं राहत नाही. बांगडीच्या आतल्या कडेला वेढे दाटीनं येतात, क्षेत्र जोरात. बाहेरच्या कडेला विरळ, क्षेत्र कमजोर. दावं आतल्या बाजूला आखूड, बाहेर लांब. त्यामुळे वर्तुळ पुरतं मिटत नाही, दर फेरीला किंचित सरकतं. आयन वर सरकले तर इलेक्ट्रॉन खाली. वर धन, खाली ऋण, मध्ये विद्युतक्षेत्र, आणि ते विद्युतक्षेत्र अख्ख्या प्लाझ्माला बाहेरच्या भिंतीवर नेऊन आपटतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

तोड सुचली ती १९५० च्या सुमारास, सोव्हिएत संघात आंद्रेई साखारोव्ह आणि इगोर ताम यांना. आजीची पिळाची पाटली आज मुद्दाम घालून आले होते. ती साध्या बांगडीशेजारी ठेवली. पिळातली एक तार बोटानं धरून फिरा: वर असते, आत येते, खाली जाते, पुन्हा बाहेरून वर. अशा पीळदार क्षेत्ररेषेवर चाललेला आयन कधी वरच्या अर्ध्यात असतो, कधी खालच्या. सरकायचं तेवढं तो सरकतोच, पण वर असताना दूर गेलेला खाली असताना तितकाच जवळ येतो. हिशोब फिटतो. पीळ घालायला प्लाझ्मामधूनच मोठा प्रवाह सोडायचा. या रचनेचं नाव टोकामॅक. पाश्चात्त्यांचा त्यावर विश्वास बसेना. १९६८ मध्ये रशियनांनी टी-३ या यंत्रातल्या कोटभर अंशांचे आकडे सांगितले, तेव्हा पुढच्या वर्षी इंग्रजांचं पथक आपला लेझर घेऊन मॉस्कोला गेलं आणि मोजून आलं. आकडे खरे निघाले. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे घडलं, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या प्रवाहाचा दुसरा फायदा, तो प्लाझ्माला तापवतो, शेगडीच्या कॉइलसारखा. पण कॉइल तापली की तिचा विरोध वाढतो, प्लाझ्माचा घटतो. जितका गरम, तितका प्रवाह बिनबोभाट वाहतो आणि तितकं तापवणं थंडावतं. दोन-तीन कोटी अंशांच्या पुढे ही शेगडी चालत नाही. मग बाहेरून वेगवान अणूंचे झोत मारायचे, रेडिओलहरी सोडायच्या.

“हे सगळं फ्रान्सलाच का?” मागच्या बाकावरून.

नाही रे बाबा. आपल्याकडून एका रात्रीच्या वाटेवर गांधीनगर, तिथल्या भाट गावात प्लाझ्मा संशोधन संस्था. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून ती १९८६ ला उभी राहिली, श्रीनगरचे प्रेधिमान कृष्ण काव हे पहिले संचालक. १९८९ पासून तिथे आदित्य हा टोकामॅक चालतो, २०१६ मध्ये त्याची नवी आवृत्ती झाली. त्याच्या बांगडीची त्रिज्या पाऊण मीटर. शेजारी एसएसटी-१, अतिवाहक चुंबकांचा, २०१३ साली पहिला प्लाझ्मा. आदित्यमधून वीज निघणार नाही, ते त्याचं काम नाही. तो पथारी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. ढीग हवा म्हणून तर इटर, ६.२ मीटर त्रिज्येचा.

दुपारी ४.४०

आज गुरुवार, आईकडे प्रकाशाला जायचा वार. एसटी तापीच्या पुलावर आली की मी खिडकीकडे सरकते. बॅरेजमुळे पाणी तुडुंब, घाटाकडे केदारेश्वराची शिखरं.

ही नदी इथून उकाईच्या जलाशयात जाते. तिथून पुढे तिच्या खोऱ्यात काकरापारचं अणुवीज केंद्र लागतं. तिथे केंद्रकं फोडून वीज करतात. ७०० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये रीतसर वीज देऊ लागल्या. फोडणं जमलं, जोडणं राहिलं. आणखी पुढे सुरत, मग हजिरा, समुद्र. त्या हजिऱ्याच्या कारखान्यात लार्सन अँड टुब्रोनं इटरचं बाहेरचं कवच घडवलं, क्रायोस्टॅट. तीसेक मीटर उंच, तेवढंच रुंद, ३,८०० टनांच्या आसपास पोलाद. ५४ तुकड्यांत ते जहाजानं फ्रान्सला गेलं आणि तिथे जोडलं गेलं. जोडलं म्हणजे काय, वेल्डिंग करून. त्या कवचाच्या आत चुंबक उणे २६९ अंशांवर थिजलेले असतील आणि काही मीटर अंतरावर प्लाझ्मा पंधरा कोटींवर.

भारत या प्रकल्पात २००५ च्या डिसेंबरात आला. तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते अनिल काकोडकर, जन्म १९४३ चा, बडवानीचा. धडगावकडचे डोंगर ओलांडले की पलीकडे बडवानी. माझ्या पोरांना भाभांपेक्षा हा पत्ता जास्त लागू पडतो. नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो.

संध्याकाळी ६.३०

“दूध उतू जाई, ध्यान ठेव,” म्हणून आई शेजारी गेली. चुलीवर म्हशीचं दूध, मी समोर पाटावर.

कागदाबाहेरचं म्हटलं होतं ते हे. आपटत आपटत एकेक पायरी सरकणाऱ्या आयनांचा हिशोब केला, तर टोकामॅकमध्ये ऊब भरपूर टिकायला हवी. प्रत्यक्षात ती त्याहून पुष्कळ लवकर पळते. कारण प्लाझ्मा शांत बसत नाही. मधे कोटीकोटी अंश, कडेला त्या मानानं गार, आणि या दोहोंत हात-दोन हात अंतर. तापमानाचा असा कडा उभा केला की त्यातूनच भोवरे उठतात. खालून तापलेलं दूध जसं वर उसळतं आणि वरचं खाली येतं, तसे. भोवरा गरम माल उचलून बाहेर नेतो, गार माल आत आणतो, चार मिलिमीटरच्या पायऱ्या बाजूलाच राहतात. मोठ्या जाळाचं तोकडं सुख म्हणजे, दुप्पट उष्णता ओतली तरी प्लाझ्मा दुप्पट तापत नाही. भोवरे माजतात, निम्मं फुकट जातं. या खात्यातल्या लोकांचं आयुष्य या एका नतद्रष्ट नियमाशी भांडण्यात गेलं आहे.

दुधावर साय धरली. साय धरली की वाफेची वाट बंद होते आणि दूध गरम राहतं. १९८२ मध्ये जर्मनीत गार्किंगच्या ॲसडेक्स या यंत्रावर फ्रिट्झ वॅग्नर यांना असंच काहीसं दिसलं. तापवणं एका मर्यादेपलीकडे वाढवलं आणि एकाएकी प्लाझ्माच्या कडेला साय धरली. कडेचा थर वेगळ्या वेगानं वाहू लागला, त्या कातरीत भोवरे चिरले गेले, ऊब सुमारे दुप्पट वेळ टिकू लागली. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. आज इटरचा सगळा आराखडा या सायीच्या भरवशावर उभा आहे.

आणि साय आली म्हणजे पुढचंही आलं. खाली दाब साचतो, साय फुगते, फाटते, दूध उतू जातं. टोकामॅकमध्येही नेमकं हेच होतं, कडेचा थर ठरावीक काळानं फाटतो आणि गरम प्लाझ्माचा लोंढा भिंतीवर. म्हणून चुंबकांनी कडेला हलकेच टोचत राहायचं, सायीला बारीक भोकं पाडल्यासारखं, म्हणजे थोडं थोडं निसटेल पण एकदम—

गेलं. अर्धं चुलीत. आईनं दारातूनच वासावरून ओळखलं. काय करत होतीस विचारलं तर सांगायची सोय नव्हती.

रात्री ८.५०

शेवटच्या गाडीनं परत. येताना फोनवर पोरांच्या ग्रुपमध्ये त्या मुलीनं विचारलेलं: मॅडम, आतापर्यंत सगळ्यात जास्त ऊर्जा किती निघाली? लिहिलं: इंग्लंडच्या जेट यंत्रानं ऑक्टोबर २०२३ मध्ये पाचेक सेकंदांत ६९ मेगाज्यूल, इंधन ०.२ मिलिग्रॅम. पण तापवायला घातलेली ऊर्जा त्याहून जास्त होती. फायद्यात आलं ते २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत, लेझरनं, चुंबकाशिवाय, आणि तेही लेझर चालवायला लागलेल्या विजेचा हिशोब न धरता. आणि प्लाझ्मा फ्रान्सच्या वेस्ट या टोकामॅकनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बावीस मिनिटं धरून ठेवला. तिनं अंगठा पाठवला. मग लगेच: बावीस मिनिटं झाकून ठेवला मग.

पथारीजवळ उतरले. आभाळ भरून आल्यासारखं होतं, मुकादम माणसं घेऊन सुकलेला माल गोळा करून ताडपत्र्या ओढत होता. कडेला संध्याकाळी उतरलेला ओल्या मिरचीचा नवा ढीग.

पर्समध्ये सकाळपासून प्रयोगशाळेतला थर्मामीटर होता. आधी हवेत धरला: १७. मग पदर नाकाला लावून ढिगाच्या पोटात, कोपरापर्यंत. पाच मिनिटं. २६.

मुकादम बॅटरी धरून उभा. “सांगं नाही का मी!”

पण ही ऊब मिरचीनं आत्ता तयार केलेली, की दिवसभराच्या उन्हाची नुसती साठून राहिलेली? एका आकड्यावरून सांगता येत नाही. साठलेली असेल तर पहाटेपर्यंत उतरेल. तयार होत असेल तर टिकेल, कदाचित चढेल. मी त्याला विनवलं, हा एक ढीग सकाळी मी येईपर्यंत फोडू नका.

“पाच वाजता फोडसू,” तो म्हणाला. “त्यापुढे नाही. माल मना शे.”

घरी येऊन गजर लावला, ४.३५ चा.